जनुकशास्त्राचं प्रॅक्टिकल: खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या वर्गांना जनुकशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवते. माझ्या बॅचमध्ये रावेर-यावलच्या केळीवाल्यांची मुलं असतात, चोपडा-शिरपूरच्या कापूसवाल्यांची असतात, धडगाव-अक्कलकुव्याहून येऊन वसतिगृहात राहणारीही असतात. दरवर्षी प्रश्न साधारण तेच येतात. काही परीक्षेच्या काळजीतून येतात, काही शेतातून आणि काही थेट घरातून. फळ्यावर उत्तरं देताना घाई होते, म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे.

मॅडम, एवढी मोठी जीवसृष्टी सोडून माशीच का?

कारण ती लवकर वाढते, कमी खाते आणि तिला चारच गुणसूत्रांच्या जोड्या असतात. २५ अंश सेल्सिअसला ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच्या अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे एका सत्रात आजी, आई आणि नातवंडं अशा तिन्ही पिढ्या तुमच्या डोळ्यांसमोरून जातात. एक मादी शेकडो अंडी घालते, त्यामुळे मोजायला भरपूर मिळतं. मोजणीशिवाय आनुवंशिकता कळत नाही. माणसाच्या घरात दोन-तीन मुलं असतात, त्यांवरून गुणोत्तर काढायला गेलं की फसगत ठरलेली.

एक गोंधळ आधीच दूर करते. शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात, जी आंबा-पेरूला डंख मारून आत अळ्या सोडते, ती वेगळी आणि आकारानं मोठी. आपली माशी म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट. ते फळाचं नुकसान करायला येत नाही, आंबलेल्या फळावरचं यीस्ट खायला येतं.

केळीच्या वखारीतून चिलटं धरून आणली तर चालतील?

ओळख करून घ्यायला उत्तम, क्रॉस म्हणजे ठरवून संकर लावायला नाही. रिकाम्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका, तोंडाला कागदाचं नरसाळं बसवा आणि वखारीच्या कोपऱ्यात ठेवून द्या. संध्याकाळपर्यंत बाटलीत गर्दी झालेली असेल. पण त्या गर्दीत ड्रोसोफिलाच्या एकापेक्षा जास्त जाती असू शकतात, आणि त्यांतल्या माद्यांचं मीलन आधीच झालेलं असतं. माशीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू पोटातल्या पिशव्यांत साठवून ठेवते आणि कितीतरी दिवस वापरत राहते. अशा मादीला तुम्ही पांढऱ्या डोळ्यांचा नर दिलात तरी पिल्लांचा बाप कोण, हे सांगता येणार नाही. म्हणून शुद्ध स्टॉक, म्हणजे एकाच गुणाच्या वेगळ्या जपलेल्या माश्या हव्यात, आणि व्हर्जिन म्हणजे मीलन न झालेल्या माद्या हव्यात.

व्हर्जिन माद्या ओळखायच्या कशा?

ओळखण्यापेक्षा वेळ पाळायची. कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तास मादी नराला जवळ करत नाही. सकाळी बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, आठ तासांच्या आत परत यायचं, आणि मधल्या वेळात जन्मलेल्या माद्या वेगळ्या करायच्या. नवजात माशीचा रंग फिका असतो, पंख नीट उलगडलेले नसतात आणि पोटावर एक गडद ठिपका दिसतो. नर आकारानं लहान, त्याच्या पोटाचं टोक काळसर गोल आणि पुढच्या पायांवर बारीक कंगवा. हा कंगवा मायक्रोस्कोपखाली एकदा नीट दिसला की नर-मादीत पुन्हा गल्लत होत नाही.

गावाहून एसटीनं येणाऱ्या मुलांना सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. आम्ही पाळ्या लावतो: वसतिगृहातली मुलं सकाळी बाटल्या रिकाम्या करतात, गावाकडची दुपारी माद्या वेचतात. एक माणूस चुकला की सगळ्यांचा क्रॉस जातो. त्यामुळे मुलं एकमेकांना फोन करून आठवण देतात.

खाद्य कसं शिजवायचं? आमचं दर वेळी बुरशी धरतं.

एक लिटर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर. अगर आधी पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग गूळ, मग रवा हलवत हलवत. गुठळी होऊ द्यायची नाही. ज्यांना घरी शिरा जमतो त्यांना हे जमतं. खाली उतरवून जरा निवलं की साडेसात मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल घालायचं. बुरशीला तेच रोखतं. उकळत्या खाद्यात ओतलंत तर बरंचसं वाफेबरोबर उडून जातं, आणि तुमची बुरशी बहुधा तिथूनच येते.

बाटल्या भरल्यावर लगेच बोळे लावू नका. पातळ फडकं टाकून रात्रभर ठेवा. आतल्या बाजूला घाम धरला तर माश्या त्याला चिकटून मरतात. दुसऱ्या दिवशी वर यीस्टचे चार दाणे टाका.

ईथर दिल्यावर माश्या मेल्या की झोपल्या?

मोजण्याआधी माश्यांना ईथरची वाफ देऊन गुंगवतो. पंख अंगाबरोबर असतील तर झोपल्या, बाजूला ताठ उभे राहिले असतील तर मेल्या. ईथर पेट घेतं, त्यामुळे त्या टेबलावर बर्नर नाही आणि उदबत्तीही नाही.

मे महिन्यात आमचा सगळा स्टॉक मेला. आपल्याकडे ड्रोसोफिला जमतच नाही का?

जमते, पण आपल्या हवामानाचं ऐकावं लागतं. पुस्तकात २५ अंश लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिशीच्या आसपासच नर वांझ व्हायला लागतात. माश्या जिवंत दिसतात, अंडीही घातली जातात, पण अळ्या होत नाहीत. मुलांना वाटतं खाद्य बिघडलं.

माझ्याही हातून एका उन्हाळ्यात असंच झालं. शनिवारी रात्री वीज गेली, इन्क्युबेटर बंद पडला आणि बंद कपाटासारखा तापला. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा पांढऱ्या डोळ्यांचा, खुरट्या पंखांचा, काळ्या अंगाचा असे सगळे स्टॉक तळाशी पडलेले होते. सहा वर्षं सांभाळलेल्या माश्या होत्या त्या. त्या दिवशी मी तास घेतला नाही.

तेव्हापासून प्रत्येक स्टॉकच्या दोन-दोन बाटल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवते. एक जोडी इन्क्युबेटरमध्ये, दुसरी मोठ्या माठात लहान माठ आणि मध्ये ओली वाळू अशा जुन्या पद्धतीनं. आपली उन्हाळी हवा कोरडी असते, पाणी झपाट्यानं उडतं आणि आतला माठ गार राहतो. वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. स्टॉक तगून राहायला एवढं पुरतं, क्रॉस मात्र लावायचा नाही. आपल्या भागात क्रॉसचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत पिढीला जास्त दिवस लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा.

याच उष्णतेनं एक धडा फुकटात मिळतो. व्हेस्टिजियल म्हणजे खुरटलेल्या पंखांची माशी जास्त तापमानात वाढवली तर तिचे पंख लांब होतात. जनुक तेच राहतं, रूप बदलतं. एकदा मार्चअखेरीस एका मुलानं तक्रार केली की स्टॉकमध्ये भेसळ झाली आहे. भेसळ झालेली नव्हती. त्या बाटल्या पत्र्याच्या खोलीत राहिल्या होत्या.

आमचं गुणोत्तर ३:१ आलं नाही. जर्नलमध्ये काय लिहू?

जे आलं ते.

हा प्रश्न दरवर्षी सर्वांत जास्त येतो, आणि दबक्या आवाजात येतो. दुसऱ्या पिढीत प्रभावी (एका प्रतीनंही दिसणाऱ्या) रूपाच्या तीन माश्यांमागे अप्रभावी (दोन्ही प्रती लागणाऱ्या) रूपाची एक येईल, असं पुस्तक सांगतं. मुलं मोजतात, आकडा जुळत नाही, मग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून ७५:२५ उतरवतात. हे पाहिलं की मला राग येण्याआधी वाईट वाटतं. त्या मुलानं तीन आठवडे माश्या सांभाळलेल्या असतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत स्वतःचंच काम पुसून टाकतो.

मेंडेलचे आकडे पाहा. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल बिया मिळाल्या आणि १,८५० सुरकुतलेल्या. भागाकार २.९६ येतो. जांभळी फुलं ७०५, पांढरी २२४, इथे ३.१५. त्यानं हे आकडे असेच १८६६ साली छापले. पुढे १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञानं त्याच आकड्यांवर शंका घेतली ती कशासाठी? ते अपेक्षित गुणोत्तराच्या गरजेपेक्षा जास्त जवळ होते म्हणून. आकडा फार चांगला असणं हीसुद्धा तपासण्याची गोष्ट असते.

माशीवर काम करणारा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन, त्याचं उदाहरण तर मला याहून आवडतं. १९१० साली त्याच्या प्रयोगशाळेत लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. त्याचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. पहिल्या पिढीत १,२३७ लाल डोळ्यांच्या माश्या आल्या आणि ३ पांढऱ्या डोळ्यांचे नर. त्या तिघांचं स्पष्टीकरण त्याला नीट देता येत नव्हतं. तरी त्यानं ते लिहिले आणि सध्या बाजूला ठेवतो असंही लिहिलं. दुसऱ्या पिढीत २,४५९ लाल डोळ्यांच्या माद्या, १,०११ लाल डोळ्यांचे नर आणि ७८२ पांढऱ्या डोळ्यांचे नर मिळाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही.

आता बेरीज करा. लाल ३,४७०, पांढरे ७८२. गुणोत्तर ३:१ नाही, जवळपास साडेचारास एक आहे. आपल्या कुणाच्या जर्नलमध्ये हा आकडा असता तर त्यानं खाडाखोड केली असती. पण या आकड्यात दोन गोष्टी दडलेल्या होत्या. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या जरा अशक्त असतात, त्यांतल्या काही प्रौढ होण्याआधीच मरतात, म्हणून त्या कमी भरल्या. आणि पांढरे सगळे नरच निघाले, यावरून डोळ्याच्या रंगाचं हे जनुक एक्स गुणसूत्राशी बांधलेलं आहे हे उमगलं. मॉर्गननं आकडे ३:१ ला आणून बसवले असते आणि नर-मादी वेगळे मोजले नसते, तर त्या माशीनं काही सांगितलंच नसतं. १९३३ चं नोबेल पारितोषिक त्याला गुणसूत्रांच्या आनुवंशिकतेतल्या भूमिकेबद्दल मिळालं.

म्हणून माझा नियम असा: माश्या मोजताना नर आणि माद्यांचे रकाने वेगळे, मेलेल्यांचा रकाना वेगळा, आणि पेन्सिल नाही, पेन.

मग आकडा ‘जवळपास बरोबर’ आहे की ‘चुकला’ हे ठरवायचं कसं?

काय-वर्ग चाचणीनं, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणाऱ्या हिशेबानं. समजा सामान्य आणि व्हेस्टिजियल पंखांच्या क्रॉसच्या दुसऱ्या पिढीत १६० माश्या मोजल्या: १२६ सामान्य, ३४ खुरट्या. अपेक्षित १२० आणि ४०. दोन्हीकडे फरक ६. त्याचा वर्ग ३६. ३६ भागिले १२० म्हणजे ०.३, ३६ भागिले ४० म्हणजे ०.९. बेरीज १.२. दोन गट असताना तक्त्यातली मर्यादा ३.८४ असते. १.२ हे त्याच्या आत आहे, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. ३:१ चं गृहीतक टाकून द्यायचं कारण नाही.

‘सिद्ध झालं’ असं लिहू नका. ‘गृहीतक नाकारता येत नाही’ असं लिहा. आणि टक्केवारीवर काय-वर्ग काढू नका, मोजलेल्या खऱ्या संख्येवरच काढा. ही चूक हुशार मुलंही करतात.

म्युटेशन म्हणजे नक्की काय? फवारणीमुळे अळीत म्युटेशन होतं, असं घरी म्हणतात.

म्युटेशन म्हणजे डीएनएच्या अक्षरांत झालेला आणि पुढे उतरणारा बदल. एक अक्षर बदलतं, कधी गळतं, कधी मोठा तुकडा उलटतो किंवा जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणासुद्धा असाच: स्टार्च तयार करणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसला आणि ते एन्झाइम निकामी झालं, हे १९९० साली कळलं.

दुसरा भाग महत्त्वाचा. घरचे म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. फवारणीनंतर अळी दाद देत नाही, हे खरं. पण औषधानं तिला तसं घडवलं, हे खरं नाही. बदल आधीच, औषधाशी काही संबंध नसताना, लाखांत एखाद्या अळीत झालेला असतो. औषध बाकीच्यांना मारतं आणि ती एक उरते. पुढची पिढी तिची.

हे कशावरून? १९४३ साली लुरिया आणि डेलब्रूक यांनी जिवाणूंवर एक साधा प्रयोग केला. पुष्कळ नळ्यांत थोडे थोडे जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर ठेवले. विषाणू पाहून जिवाणू बदलत असते, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचायला हवे होते. तसं झालं नाही. बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही, काहींत मोजके, आणि एखाद्या नळीत ढीगभर. ज्या नळीत बदल वाढीच्या सुरुवातीलाच झाला, तिथे त्याची संतती भरपूर. विषाणू यायच्या आधीच सगळं ठरलेलं होतं.

आता कापसाकडे या. बीटी कापूस भारतात २००२ साली आला. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आहे, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करतं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुमच्या घरच्यांना विचारा, मी सांगायची गरज नाही. त्या प्रथिनाला न जुमानणारी अळी निवडली गेली होती. बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पिशवी यायची आठवते? ती कडेनं लावायची होती. त्या झाडांवर बीटीला बळी पडणारे पतंग वाढावेत आणि त्यांचा संकर उरलेल्या प्रतिकारक पतंगांशी व्हावा, हा हेतू होता. प्रतिकाराचं जनुक अप्रभावी असेल, तर एकच प्रत मिळालेली अळी बीटीवर मरते. म्हणजे त्या पिशवीत मेंडेलचा पहिला नियम बांधून दिलेला होता. शेतकऱ्याला तो कुणी समजावून सांगितला नाही, आणि पिशव्या बहुतेक बांधावरच राहिल्या. याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात ठेवू नका, असंही याच कारणासाठी सांगतात: उभं पीक लांबलं की अळीच्या आणखी पिढ्या त्याच निवडीतून जातात.

हायब्रीडची सरकी घरी धरून पुढच्या वर्षी का लावता येत नाही?

लावता येते, उगवतेही, पण झाडं एकसारखी येत नाहीत. संकरित वाण ही पहिली पिढी असते. तिची सरकी लावली की दुसऱ्या पिढीत गुण फुटतात: काही झाडं आजीसारखी, काही आजोबांसारखी, मधलीच जास्त. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० साली सुरतला तयार झाला. तेव्हापासून हे बियाणं दर हंगामाला हातानं संकर करूनच बनवावं लागतं.

संकरित वाणात बीटीचं जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातल्या सरकीतही गुण फुटतात. एकच जनुक असेल तर चारांतल्या एका सरकीत बीटी नसतं. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. तीनास एक हे गुणोत्तर तुम्हाला फक्त प्रॅक्टिकलच्या टेबलावर दिसतं असं नाही. ते तुमच्या शेतातल्या प्रत्येक बोंडात आहे.

केळीला बी का नसतं? आणि टिश्यू कल्चरची रोपं सगळी सारखीच का?

आपल्या बाजारातल्या ग्रँड नैन केळीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, अकरा-अकराचे, एकूण ३३. बी धरण्यासाठी गुणसूत्रांच्या जोड्या लागून समान वाटणी व्हावी लागते. तिघांची जोडी लागत नाही, म्हणून बी नाही. पिलापासून लावा, कंदापासून लावा किंवा टिश्यू कल्चरनं, हे सगळं एकाच झाडाचं लांबवलेलं आयुष्य आहे. एखादं रोप वेगळं निघतं, खुजं किंवा वेड्यावाकड्या पानांचं. ऊतींच्या वाढीत झालेले बदल त्याला कारण असतात. सगळी बाग एकाच ठेवणीची असली की रोगाला अडसर उरत नाही, हे काकडी मोझॅक विषाणूनं, म्हणजे सीएमव्हीनं, रोपं उपटावी लागलेल्या घरातल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग मात्र घरी करा: कुस्करलेलं केळं, मीठ, भांड्याच्या साबणाचे थेंब, गाळणं, आणि वरून हळूच बर्फासारखं गार अल्कोहोल. पांढरे धागे वर तरंगतात. त्यांत निव्वळ डीएनए नसतो, आरएनए, प्रथिनं आणि पेक्टिनही गुंतलेलं असतं. व्हायवात हे सांगा.

दोघं सिकल वाहक असतील तर चारपैकी एक मूल आजारी होतं ना? पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यांत आधी मोडायचा असतो. धडगावकडच्या एका विद्यार्थिनीनं हे तासात विचारलं आणि वर्ग गप्प झाला, कारण ती पाठ्यपुस्तकातलं विचारत नव्हती.

सातपुड्यात, नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवीन नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात सहाव्या जागी डीएनएच्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं. एक अक्षर बदलतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार, एकच असेल तर माणूस वाहक. वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या हिवताप असलेल्या भागांत हे जनुक टिकलं. हा कुळाचा दोष नाही, कुणाचं पाप नाही.

आता शक्यता. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, दोन्ही प्रती चांगल्या असण्याची चारात एक. पुढच्या वेळी पुन्हा तेच, पहिल्यापासून. नाण्याला मागचा छापा-काटा आठवत नसतो. तीन मुलं झाली तर तिघंही आजारापासून सुटण्याची शक्यता तीन चतुर्थांशचा घन, म्हणजे ६४ पैकी २७. अर्ध्याहून कमी.

आणखी एक हिशेब, जो मुलं नेहमी चुकवतात. एखाद्याला सिकलचा आजार आहे, आईवडील दोघं वाहक आहेत, आणि त्याची बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? निम्मी नाही. आजारी असण्याची शक्यता आपण आधीच वगळली. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहकाच्या. म्हणजे दोन तृतीयांश. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं ते यासाठी. विद्राव्यता चाचणी स्वस्त आणि लवकर होणारी आहे, पण ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळं सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं आहे. गावात तपासणी आली तर करून घ्या.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलांत दोष येतो का?

येतोच असं नाही, शक्यता वाढते. सख्ख्या मामे-आत्येभावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. एखादं दबलेलं, अप्रभावी जनुक आजोबांकडून दोन्ही बाजूंनी उतरून एकत्र येऊ शकतं. घराण्यात सिकल, थॅलेसेमिया किंवा जन्मजात बहिरेपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मुलगी झाली, यात आईचा दोष असतो?

नाही. आईकडून नेहमी एक्स जातं. वडिलांकडून एक्स किंवा वाय. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांचे शुक्राणू तपासले आणि अर्ध्यांत लहान गुणसूत्र असतं हे दाखवलं. शंभर वर्षांहून जास्त झाली. मुलींनो, हे घरी सांगा. मुलांनो, तुम्ही तर नक्कीच.

माशीशिवाय दुसरे कोणते जीव परीक्षेत विचारतात?

ई. कोलाय जिवाणू: चांगल्या खाद्यात वीस मिनिटांत दुप्पट. यीस्ट: १६ गुणसूत्रं, आणि एडीई-२ जनुक बिघडलं की वसाहत लालसर होते, त्यामुळे म्युटेशन नुसत्या डोळ्यांना दिसतं. सी. एलिगन्स कृमी: उभयलिंगी प्रौढात नेमक्या ९५९ कायिक पेशी. अरेबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं छोटं रोप: गुणसूत्रांच्या पाच जोड्या. झेब्रा मासा: मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्याकडचा. मका विसरू नका. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी कणसावरच्या ठिपक्यांवरून उड्या मारणारी जनुकं ओळखली आणि १९८३ चं नोबेल मिळवलं.

कांद्याच्या मुळाची स्लाइड आम्हाला कधीच नीट येत नाही.

मुळं सकाळी कापा, दोन-तीन सेंटिमीटरची, टोकासकट. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात बुडवा. मग ६० अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं, मग ॲसिटोकार्मिन. टोकाचा गडद रंगलेला एक-दोन मिलिमीटर भागच ठेवा, बाकी टाकून द्या. बहुतेक जण नेमकं टोक टाकतात आणि शेपूट ठेचतात. १६ गुणसूत्रं मोजता आली तर मला बोलवा, मलाही पाहायची असतात.

एक्सटर्नल विचारतील, ‘तुमचा रेशो का आला नाही?’ तेव्हा काय सांगायचं?

बाटलीचा क्रमांक सांगा. किती मोजल्या, किती मेलेल्या होत्या, कोणत्या तारखांना मोजल्या ते सांगा. काय-वर्गाचा आकडा सांगा. खोलीचं तापमान लिहून ठेवलं असेल तर तेही सांगा. खुरट्या पंखांच्या माश्या ओल्या खाद्याला चिकटून मेल्या असतील तर ते सांगा, कारण त्यामुळे त्यांचा गट कमी भरतो. ‘माहीत नाही, पण पुन्हा लावून पाहायचा आहे’ हे उत्तरही चालतं. गेल्या डिसेंबरमध्ये एका मुलीनं हेच सांगितलं. परीक्षकांनी तिच्याकडून बाटली मागून घेतली आणि दोघंही भिंगाखाली मेलेल्या माश्यांचे पंख पाहत बराच वेळ उभे होते.